दूरच्या नातलगाला दिलेले घर

मी, जुलेखा अब्दुल गफूर उलडे, राहणार मोहल्ला, रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, व्यवसाय शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे माझे वय सेहेचाळीस आहे आणि जन्मतारीख एक जून, कारण आमच्या वर्गात सगळ्यांचीच एक जून होती. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही. समजावलेले मात्र बऱ्याच जणांनी आहे, आणि त्यातून जेवढी शिल्लक राहिले तेवढी मी या कागदावर आहे. अलिबागच्या वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. तो फार नेटका होता. त्यात मी मला कुठेच सापडले नाही, म्हणून हा दुसरा लिहायला घेतला. पहिला रद्द समजावा.

कलम १. हे आताच का लिहिले

मी येत्या महिन्यात हजला निघत आहे. निघण्यापूर्वी माणसाने वसीयत लिहून ठेवावी अशी आमच्यात रीत आहे. मला काही झालेले नाही. सरकारी डॉक्टरांनी छाती, डोळे, रक्त सगळे तपासून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

मी मेहरमशिवाय जात आहे, म्हणजे नवरा, भाऊ, मुलगा असा कोणी पुरुष सोबत न घेता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांनी गटाने असे जाण्याला सरकारने परवानगी दिली आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे, म्हणजे चार कायदेपंथांपैकी एकाचे. आमच्यात भरवशाच्या बायकांच्या सोबतीने फर्ज, म्हणजे आयुष्यात एकदा करावाच लागणारा हज करण्याची मुभा काही शतकांपासून आहे. सरकारला ती अलीकडे सापडली. त्याबद्दल अलिबागच्या एसटी स्टँडसमोर एक फलक लागला, त्यावर एका पुढाऱ्याने मुस्लिम भगिनींना मुक्त केल्याचे लिहिले होते. दुसऱ्या पक्षाने त्याच्या शेजारी दुसरा फलक लावला: "शरीयतमध्ये ढवळाढवळ खपवून घेणार नाही." त्याच्यावर हात जोडून उभा असलेला माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ मुश्ताक, त्या पक्षाच्या अल्पसंख्याक आघाडीचा तालुका उपाध्यक्ष. दोन्ही फलकांच्या मधून रिक्षा काढून मी रेवदंड्याला घरी आले आणि बॅग भरायला घेतली.

कलम २. माझ्या मयतीविषयी

तिकडे मेले तर तिकडेच पुरतात, तेव्हा कोणाला त्रास नाही. इथे मेले तर मोहल्ल्याच्या कब्रस्तानात, अम्माच्या पायाशी जागा असेल तर तिथे. शोकफलक लावू नये. मुश्ताकला राहवलेच नाही तर माझा फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठा असावा.

कलम ३. घर

घर माझ्या आजोबांनी बांधले. ते इंग्रजांच्या बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांच्या पगारातून भिंती उभ्या राहिल्या. मागच्या पडवीतले काही दगड मात्र पोर्तुगीजांच्या तटाचे दिसतात. आजोबा सांगत, "पडलेले होते." पोर्तुगीजांकडून कोणी विचारायला आले नाही.

बाबा वारले तेव्हा दोन गोष्टी मागे राहिल्या: किहीमची नारळाची वाडी आणि हे घर. आम्ही तीन भावंडे. मी, मधली नसीम आणि मुश्ताक. शरीयतप्रमाणे वाडीत आम्हा बहिणींचाही हिस्सा होता. तेव्हा मुश्ताक म्हणाला, "आपा, आपल्या किनाऱ्यावर बहिणी वाडीत हिस्सा घेत न्हाईत. रिवाज हाय." नसीमने आणि मी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. घर मला मिळाले, कारण ते गळत होते, खाडीच्या वाऱ्याने दारे फुगली होती, आणि तलाक झालेली मी त्यात आधीच राहत होते. मला हलवण्यापेक्षा देऊन टाकणे सोपे होते. वाडी मुश्ताकने मुंबईच्या एका कुटुंबाला विकली. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो कदाचित खारा पडत असेल.

पुढच्याच वर्षी नसीम गेली. तिची मुलगी तहूरा तेव्हा लहान होती. तिचा बाप दोह्याला गेला, तिथे दुसरे लग्न केले आणि दर ईदला फोन करतो. तहूराला मी वाढवले. आता ती आमच्या बाहेरच्या खोलीत रक्त तपासणीचे केंद्र चालवते. अर्ध्या रेवदंड्याची साखर तिला तोंडपाठ आहे. हे घर तहूराला मिळावे आणि तिला त्यातून कोणी उठवू नये, एवढ्या एकाच इच्छेसाठी मी हे मृत्युपत्र लिहायला बसले. बाकीची कलमे वाटेत लागली.

अलिबागला कोर्टासमोर हर्षद म्हात्रे वकील बसतात. त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढले आणि माझा धर्म मला वाचून दाखवला.

"बाई, मुसलमान माणसाला मृत्युपत्रानं एक तृतीयांशच देता येतं. बाकीचं वारसाला. तुमचा वारस एकच, भाऊ."

"आणि तहूरा?"

त्यांनी पाने उलटली. "बहिणीची मुलगी... हां. 'दूरचे नातलग' या वर्गात येते. भाऊ असताना तिला काही नाही."

"वकीलसाहेब, ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपते. मधे फक्त पंखा हाय."

"कायद्यात खाट नाय, बाई."

मी पुस्तक हातात घेऊन पाहिले. अरबी ग्रंथ इंग्रज साहेबांनी आधी फारसीत करवून घेतले, फारसीतून इंग्रजीत, मग त्यावर इंग्रज न्यायाधीशांनी निकाल दिले, त्या निकालांवर वकिलांनी टीपा लिहिल्या, आणि त्या सगळ्याला आता आमचा सनातन, न बदलणारा कायदा म्हणतात. तो बहुतेक दुसऱ्या, हनफी मजहबाचा आहे. मी विचारले, "यात आम्ही शाफई कुठे आहोत?"

वकिलांनी प्रामाणिकपणे शोधले. "तळटीपेत," ते म्हणाले.

मग मी विचारले की भावाने संमती दिली तर?

"तर सगळं घर देता येईल. पण संमती तुम्ही वारल्यानंतर लागते. जिवंतपणी दिलेली धरत नाहीत."

"म्हणजे तो हो म्हणाला की नाही, हे मला कधीच कळणार न्हाय?"

"कायद्याप्रमाणे, नाही."

मी उठले. त्यांना आणखी काही सांगायचे होते, पण रेवदंड्याची रिक्षा भरत आली होती.

म्हणून मी या कलमात असे लिहिले होते: घराचा एक तृतीयांश हिस्सा, म्हणजे बाहेरची खोली आणि अर्धी ओसरी, तहूराला. हे वाक्य आता खोडले आहे. का, ते कलम ८ मध्ये पाहावे.

कलम ४. मुश्ताकशी झालेले बोलणे

हे बोलणे मृत्युपत्रात असावे, कारण उद्या तो "मला माहीतच नव्हतं" म्हणेल. त्याचा आवाज त्याच्यापेक्षा माझ्या जास्त लक्षात राहतो.

खाडीवर नवा पूल होतोय, मुंबईहून गाड्या बोटीत घालून लोक येऊ लागलेत, आणि मुश्ताकला आमच्या जुन्या घराविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागला आहे. एके दिवशी तो हापूसची पेटी घेऊन आला. मी सरळ विचारले की माझ्यामागे घर तहूराला राहू देशील का.

"आपा, शरीयतनं जे ठरवलंय त्यात मी कोण बोलणारा?"

"वाडीच्या वेळेला बोललास की."

"तो रिवाज होता."

"आणि आता?"

"आता शरीयत हाय. जमाना बदलला, आपा." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तहूराचं लग्न होईल, ती जाईल. घराला कुलूप लागेल. मुंबईची एक पार्टी बाहेरून बघून गेलीय. त्यांना ती पोर्तुगीज भिंत फार आवडली."

"ते दगड पडलेले होते."

"त्यांना तसंच पाहिजे."

तेवढ्यात तहूरा बाहेरच्या खोलीतून सुई घेऊन आली. "मामू, आलातच तर बोट द्या."

माझा भाऊ सभेत कोणाचे ऐकत नाही, पण तहूरापुढे त्याने निमूट बोट पुढे केले. तिने यंत्राकडे पाहिले आणि आंब्याची पेटी आत नेऊन ठेवली.

"किती हाय?" त्याने विचारले.

"तुम्ही शरीयतचं बघा, मामू. तुमच्या साखरेचं मी बघते. उद्या सकाळी उपाशी या, पैसे घेणार न्हाय."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी आला. हेही लिहून ठेवते. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला दरवेळी नेमका फायद्याचा तेवढाच धर्म आठवतो. तसा तो बऱ्याच जणांना आठवतो.

कलम ५. दिवाणखान्यातली तसबीर

मोठ्या शिसवी चौकटीत काब्याचे चित्र आहे. ते एका कॅलेंडरवरचे आहे. चौकट मुळात आजोबांना बोटकंपनीने दिली होती आणि तिच्यात इंग्रजांचा बादशहा होता. राज्य बदलले तेव्हा बाबांना चौकट टाकवेना आणि बादशहा ठेववेना, म्हणून त्यांनी त्याच्यावरच काब्याचे चित्र बसवले. मागची फळी काढली तर आत बादशहा अजून आहे, मिशीसकट.

ही तसबीर मुश्ताकला द्यावी. शरीयत कायद्यावर तो बोलतो तेव्हा ती मागे टांगावी. एकोणीसशे सदतीस साली, इंग्रजांच्या राज्यात झालेल्या ज्या कायद्याच्या रक्षणासाठी तो रक्त सांडायला तयार आहे, त्याची याहून चांगली तसबीर मला माहीत नाही. (रक्त सांडण्यापूर्वी तहूराला विचारावे. त्याला जखम लवकर भरत नाही.)

कलम ६. दोन शाली

मी माहेरी आले असताना माझा तलाक साध्या पोस्टकार्डावर आला होता. पोस्टमन चांगदेव यांनी तो वाटेत वाचला. ते सकाळी आमच्या दारावरून तसेच पुढे गेले आणि दुपारी परत आले. म्हणाले, "बाई, जेवलात का? आधी जेवून घ्या, मग देतो." या प्रकरणात माझ्याशी नीट वागलेला सरकारी माणूस तो एकच.

पुष्कळ वर्षांनी तीन तलाकचा कायदा होऊ घातला तेव्हा माझा तलाक एकदम महत्त्वाचा झाला. अलिबागच्या एका संघटनेच्या क्रांतीताई आल्या. त्यांची इच्छा, मी व्यासपीठावर येऊन, कायदा हवा, असे रडून सांगावे. त्याच आठवड्यात मुश्ताकच्या पक्षाच्या बायका आल्या. त्यांची इच्छा, मी बुरखा घालून, कायदा नको, असे रडून सांगावे. दोन्हीकडच्यांनी मला शाल पांघरली. शाली एकाच दुकानातल्या होत्या, रंगही एकच.

मी दोन्हीकडे तेच म्हटले, "माझं रडून झालंय. तेव्हा तुमच्यापैकी कोणी आलं न्हाय."

क्रांतीताई म्हणाल्या, "पण ताई, तुमचा आवाज..."

"माझा आवाज सहावीच्या वर्गात रोज लागतो. या ऐकायला."

त्या खरेच एकदा आल्या, मागच्या बाकावर बसल्या, आणि जाताना मुलांच्या वह्या तपासून गेल्या. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दोन्ही शाली समोरच्या गोदूबाईला द्याव्यात. तिला सुक्या मासळीवर रात्री घालायला जाड कापड लागते.

कलम ७. फंड, पुस्तके आणि एक उत्तर

प्रॉव्हिडंट फंडात आणि बँकेत जे असेल त्याचा एक तृतीयांश तहूराला आणि उरलेला मुश्ताकला. पुस्तकाप्रमाणे, तळटीप सोडून.

माझी पुस्तके शाळेला. शाळा उर्दू माध्यमाची आहे आणि मी तिथे मराठी शिकवते. तपासणीला येणारे साहेब दरवर्षी थक्क होतात. "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" मी दरवर्षी नम्रपणे म्हणते, "तुमचंही." हे उत्तर मी माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींना हिश्श्याने न वाटता पूर्ण देत आहे. ते वाटून कमी होत नाही.

कलम ८. कलम ३ मधले वाक्य का खोडले

एक तृतीयांश लिहून झाले आणि मला झोप येईना. बाहेरची खोली तहूराची, उरलेले घर मुंबईच्या पार्टीचे. ते कुंपण घालणार. रक्त द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना आत यायला वाट कुठून राहणार? आणि तहूराचे न्हाणीघर, चूल, विहीर सगळे कुंपणापलीकडे.

हजच्या दुआ पाठ म्हणून दाखवायला मी मशिदीच्या खतीबचाचांकडे जात होते. हे आमचे पेशइमाम, जन्म इथलाच. त्यांनी विचारले, दुआ सारखी का चुकतेस? मी कारण सांगितले.

"अगे, वसीयत कशाला? हिबा कर. जित्या माणसानं आपल्या हातानं भेट दिली तर सगळंच्या सगळं देता येतं. त्याला तृतीयांश न्हाय."

मी हर्षद म्हात्र्यांना फोन केला. ते म्हणाले, "मी तेच सांगत होतो, बाई. तुम्ही रिक्षा पकडली."

मग त्यांनी अटी सांगितल्या. पहिली, मरणाच्या दुखण्यात दिलेली भेट पुन्हा मृत्युपत्रासारखीच धरतात, तिथे एक तृतीयांश परत येतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला. हजला जाण्यासाठी मी जिवंत असल्याचे सरकारने प्रमाणित केलेले आहे, ते असे कामाला आले. दुसरी, ज्याला द्यायचे त्याने कबूल म्हटले पाहिजे. तिसरी, ताबा गेला पाहिजे. नुसते बोलून चालत नाही. देणाऱ्याने घर सोडायचे.

"पण आम्ही एकत्रच राहतो," मी म्हटले.

"मग कायदा थोडा सैल धरतात. पण तुमचा भाऊ कोर्टात जाईल. म्हणून सामान घेऊन खरंच बाहेर पडा. गल्लीला दिसू दे."

खतीबचाचांचेही तेच मत होते. इंग्रजांचे पुस्तक आणि आमचा इमाम एका गोष्टीवर एकमत झालेले मी पहिल्यांदा पाहिले: मी घराबाहेर निघावे.

तहूराला सांगितले तेव्हा ती नळ्यांवर नावे चिकटवत होती.

"मला नको. तू हजला चाललीस की माझ्या डोक्यावर घर टाकून पळतेस, खाला?"

"कबूल म्हण."

"आणि तू कुठं राहशील?"

"तू ठेवशील तिथं."

"भाडं घेईन."

"घे."

"पंखा मी म्हणेन तेव्हा बंद करायचा."

यावर मी थोडा विचार केला. गेली कित्येक वर्षे त्या पंख्यावरून आमचे भांडण आहे. "बरं," मी म्हटले.

"मग कबूल," ती म्हणाली, आणि नळ्या तशाच टाकून आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले नाही.

कलम ९. ताबा

रविवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर खतीबचाचा आणि वकील ओसरीत येऊन उभे राहिले. मी मोठ्याने म्हटले की हे घर मी तहूराला दिले. ती म्हणाली, घेतले. चाव्या तिच्या हातात दिल्या. मग माझी पेटी, वळकटी, नमाजाची जानमाज आणि औषधांचा डबा घेऊन मी दाराबाहेर पडले. तहूराने आतून कडी लावली. वकिलांनी तसे सांगितले होते. कडीचा आवाज ऐकून मला वाटले होते तेवढे बरे वाटले नाही.

मी समोर गोदूबाईच्या ओट्यावर पेटीवर बसले. ती बोंबील उलटत होती.

"कय गो, घरातना काढली का तुना?"

"घर देऊन टाकलं."

"कोनाला?"

"तहूराला."

"ती तं हितंच रवते."

"मग आता मी न्हाय रवत."

गोदूबाईने मला नीट न्याहाळले. "जास्त शिकलं का असा होतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

नेमकी त्याच वेळी मुश्ताकची गाडी आली. मागे मुंबईची पार्टी, नवराबायको, दोघांच्या डोळ्यांना काळे चष्मे. मुश्ताक उतरला आणि त्याने मला पाहिले. वळकटी पाहिली, बंद दार पाहिले.

"आपा! कोणी काढलं तुला?"

मी तोंड उघडायच्या आत तो दारावर धडका मारू लागला. "तहूरा! बाहेर ये! जिनं पोसलं तिला रस्त्यावर बसवतेस? लाज न्हाय वाटत?" मग परत येऊन त्याने माझी पेटी उचलून खांद्यावर घेतली. त्याचा श्वास लागला होता. "चल माझ्या घरी. आत्ताच्या आत्ता. माझी बहीण लोकांच्या ओट्यावर न्हाय बसणार."

तलाक झाल्यापासून या वाक्याची मी वाट पाहिली नव्हती असे म्हटले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. ते अशा दिवशी आले, जेव्हा मला जायला नको होते.

वकिलांनी त्याला बाजूला घेऊन सगळे समजावले. पेटी त्याच्या खांद्यावरच होती. मुंबईचे जोडपे भिंतीचे फोटो काढायचे थांबले.

"म्हणजे," मुश्ताक अखेर म्हणाला, "मी ही पेटी कशासाठी उचललीय?"

तो खतीबचाचांकडे वळला.

"चाचा, हे शरीयतमध्ये बसतं?"

"व्यवस्थित बसतं," खतीबचाचा म्हणाले. "आणि तिच्यात ढवळाढवळ करायची न्हाय, असं तूच स्टँडवर लिवलंयस."

गल्लीतले लोक जमले होते. आता एक रीत सांगायला हवी. हजला निघालेला माणूस ओळखीच्या प्रत्येकाला "कहासुना माफ" म्हणतो, आणि समोरच्याने माफ केले म्हणायचे असते. न म्हटले तर त्या माणसाला मनावर ओझे घेऊन मक्केला जावे लागते, आणि तसे ओझे देणाऱ्याला मोहल्ल्यात कोणी चांगले म्हणत नाही. मी मुश्ताककडे सगळ्यात शेवटी जाणार होते. आता तो समोरच होता.

"मुश्ताक," मी म्हटले, "मी हजला चाललेय. माझं कहासुना माफ कर."

"आपा, ही चीटिंग हाय. सगळ्यांच्या समोर?"

"मग कुठं करू? तुझ्या घरी मला बोलावलंस ते आत्ताच."

त्याने बंद दाराकडे पाहिले. पेटी खाली ठेवली. मग इतक्या हळू बोलला की वकिलांनाही ऐकू गेले नसेल. "आधी तू माफ कर. वाडीचं."

याला माझी तयारी नव्हती. वाडीसाठी मी या मृत्युपत्रात एक स्वतंत्र कलम लिहून ठेवले होते. त्यात नारळाचे प्रत्येक झाड होते, नसीमची थरथरती सही होती, आणि तो रिवाज नेमका कोणत्या दिवशी जन्माला आला तेही होते. मराठीत मी आजवर लिहिलेला तो सगळ्यात चांगला मजकूर होता. मी मेल्यावर तो त्याला वकिलांनी वाचून दाखवावा आणि त्याला झोप येऊ नये, अशी माझी फार इच्छा होती.

"केलं," मी म्हटले. ते कलम संध्याकाळी चुलीत घालावे लागले. नुकसान माझे झाले.

"मग मीही केलं," मुश्ताक म्हणाला. "तुला. घराचं अजून न्हाय."

"घराचं तहूराकडं माग. घर तिचं हाय."

तेव्हा कडी निघाली. तहूरा दारात उभी होती, डोळे लाल. "मामू, एवढं ओरडू नका, साखर चढते. पाहुण्यांना आत बोलवा, पाणी देते. घर दाखवीन. विकायचं न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खाला, तू येणारेस का मामूकडं चाललीस?"

कलम १०. शेवटची मांडणी

हे मृत्युपत्र पूर्ण होताना माझ्या मालकीचे घर नाही, जमीन नाही. मी तहूराच्या घरी तिच्या मर्जीने राहते. भाडे ठरायचे आहे. पंखा तिने काल बंद केला आणि मी काही बोलले नाही. हिबानामा नोंदवण्याचे काम वकील पाहत आहेत. मुश्ताकला या घरात यायला कोणी अडवू नये. त्याने दर आठवड्याला उपाशीपोटी यावे. वाडीविषयी माझी आता तक्रार नाही. इतर तक्रारी वरच्या कलमांत आहेत आणि त्या कायम आहेत.

यात काही चूक निघाली तर ती माझी समजावी, पुस्तकाची समजू नये. कोणाचे कुठले पुस्तक, यावर भांडण होऊ नये म्हणून हे मी माझ्याच भाषेत लिहिले आहे.

स्थळ: रेवदंडा, तहूरा यांच्या घरी
दिनांक: १४ एप्रिल २०२६, बाबा धरत त्या हिजरी हिशेबाने शव्वाल महिना

लिहून ठेवणार: जुलेखा अब्दुल गफूर उलडे (सही)

साक्षीदार:
१. हर्षद म्हात्रे, वकील, अलिबाग (सही)
२. गोदूबाई, समोर राहणार (अंगठा, हाताला बोंबलाचा वास आहे, कागद उन्हात ठेवला आहे)
३. मुश्ताक अब्दुल गफूर उलडे, भाऊ आणि एकमेव वारस (सही, खाली त्याच्याच अक्षरात: "पूर्ण वाचले. बऱ्याच ठिकाणी सहमत नाही. पण अक्षर आपाचेच आहे, आणि लिहिताना तिचे डोके ठिकाणावर होते.")